बेसचा सांधा

माझ्या लहानपणी पुणतांब्यात लाउडस्पीकरवरून पखवाज ऐकू यायचा तो अर्धाच. उजव्या हाताचा, शाईच्या बाजूचा, टणटणीत. डाव्या पुडीवर ओली कणीक थापून काढलेला खर्ज चांगदेव महाराजांच्या मंदिरात मृदंगाच्या जवळ बसलेल्यांनाच मिळायचा. बाहेर घाटावर किंवा स्टेशनच्या रस्त्याला उभं राहून कर्ण्यातून कीर्तन ऐकणाऱ्याला वाटावं, वाजवणाऱ्याला एकच हात आहे. कुणाची तक्रार नव्हती, कारण कर्णा म्हणजे तसाच आवाज अशी सगळ्यांची समजूत होती.

कारण मोजपट्टीचं आहे. कर्ण्याच्या तोंडाचा परीघ ढोबळमानाने आवाजाच्या एका लाटेएवढा लागतो. ३०० हर्ट्झची लाट ११३ सेंटीमीटर लांब असते, तिला ३६ सेंटीमीटर व्यासाचं तोंड पुरतं. खांबावर चढवायचे ॲल्युमिनियमचे कर्णे याच मापाच्या आसपासचे. ५० हर्ट्झला तोच हिशेब लावला तर तोंड दोन मीटरच्या वर जातं. असा कर्णा खांबावर कोण चढवणार? शिवाय कर्ण्याच्या मागच्या युनिटमधला पडदा नाजूक; त्याला खालचा आवाज जोरात दिला की तो फाटतो. म्हणजे खालचं सगळं आधीच गाळून टाकायचं, उरेल ते गावाला ऐकवायचं, हाच पहिल्या पिढीचा नियम. आमचे आण्णा त्याच पिढीचे.

आण्णांकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड लावायचं मशीन, दोन कर्णे, एक माइक आणि मोटारीची बॅटरी एवढा संसार होता. लग्नाला रेकॉर्डी, निवडणुकीला सभा, श्रावणात सप्ताह. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासून हीच सामग्री बनवते आहे आणि आजही खेड्यात ॲम्प्लिफायर म्हटलं की पहिलं तेच नाव निघतं. आण्णा म्हणायचे, “शब्दाला खर्ज नको, धार हवी.” हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं, पण खरं होतं. माणसाच्या बोलण्यातला अर्थ व्यंजनांत असतो आणि व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. सरला बेटाच्या गंगागिरी महाराज सप्ताहासारख्या लाखोंच्या गर्दीत, शेताच्या कडेला आमटी-भाकरी घेऊन बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर कर्णाच पाहिजे. तिथे अडचण वेगळी असते. आवाज सेकंदाला ३४० मीटर चालतो. लांबच्या खांबावरचा कर्णा तारेतून ताबडतोब बोलतो, स्टेजजवळचा हवेतून मागाहून येतो, आणि ‘विठ्ठल’ दोनदा ऐकू येतो. आण्णा सगळे कर्णे एकाच दिशेला, स्टेजकडे पाठ करून लावत. आज या उशिराच्या दुरुस्तीला मोठी नावं आहेत आणि त्यासाठी मशीनही मिळतं.

यंत्र यायच्या आधी आमच्या भागात खालचा आणि वरचा आवाज वेगळा करायची कला होतीच, हे मात्र सांगितलं पाहिजे. गोंधळ्याचा संबळ बघा. दोन भांडी, एक लहान, एक मोठं, एकच माणूस दोन्ही वाजवतो. ढोल-ताशात तर माणसंही वेगळी: ताशा एक-दोन, ढोल बरेच. खालच्या आवाजाला ताकद जास्त लागते म्हणून ढोलांची संख्या जास्त. कुणी हिशेब मांडला नव्हता. मिरवणूक चालवता चालवता ते प्रमाण बसलं. आणि ताशेवाला मध्येच एकीकडे, ढोल दुसऱ्या गल्लीत असं कधी होत नाही. सगळे एका ठिकाणाहून वाजतात, म्हणून कान त्यांना एकच वाद्य मानतो. आवाज तोडायचा, दोघांना वाटून द्यायचा आणि तोडलेलं दिसू द्यायचं नाही. माझ्या धंद्याचा इतिहास मला या तिसऱ्या गोष्टीत दिसतो. पहिल्या दोन आम्ही लवकर शिकलो.

तोडण्याचं काम आधी सिनेमाने केलं. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी आज आपण वापरतो तसा कागदी कोनाचा स्पीकर दाखवला. बोलपट आल्यावर मोठ्या थिएटरात तो एकटा पुरेना, तेव्हा खालचा आवाज एका पेटीला आणि वरचा कर्ण्याला असे दोन भाग झाले. लगेच भानगड उभी राहिली. बेसचा कर्णा लांबच लांब, घड्या घालून पेटीत बसवलेला. आवाजाला त्यातून फिरून यायला वेळ लागे. वरचा आवाज आधी, खालचा मागून. एमजीएम स्टुडिओत एलिनॉर पॉवेल या नर्तिकेचं टॅप नृत्य लावलं, तर बुटाचा एक ठोका दोनदा पडू लागला. डग्लस शियरर आणि जॉन हिलिअर्ड यांनी बेसचा कर्णा आखूड करून दोन्ही आवाजांचे रस्ते जवळपास सारखे केले. त्या कामाला १९३६ सालचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मला या गोष्टीचं अप्रूप एवढ्यासाठी की नेमका हाच प्रकार मी तमाशाच्या स्टेजखाली बसून ऐकलेला आहे.

आमच्याकडच्या थिएटरात तेव्हा पडद्यामागे काय होतं? बहुतेक ठिकाणी एक मोठी पेटी, तिच्या डोक्यावर एक कर्णा, आणि ३५ मिलिमीटरची मोनो प्रिंट. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईत ७० मिलिमीटरवर, सहा ट्रॅकच्या आवाजात लागला. खेड्यात पोचला तो मोनोतूनच. मुंबईला जाऊन मिनर्वा थिएटरात पाहून आलेला माणूस गावात येऊन सांगायचा की नाणं फेकलं की ते आपल्या खुर्चीखाली पडल्यासारखं वाटतं. आम्ही त्याला खोटारडा म्हणायचो. पुढे १९७७ ला ‘स्टार वॉर्स’ च्या वेळी ७० मिलिमीटरच्या सहापैकी दोन ट्रॅक नुसत्या खालच्या आवाजाला देऊन टाकले गेले. आज घरोघरच्या पेटीवर ‘५.१’ लिहिलेलं असतं, त्यातल्या ‘.१’ चं मूळ तिथे आहे. ५.१ हा आकडा टॉमलिन्सन होल्मन यांनी १९८७ ला तंत्रज्ञांच्या बैठकीत सुचवला. पाच पूर्ण आवाज आणि एक असा, ज्याला १२० हर्ट्झच्या खालचंच काम.

आता तमाशा. संगमनेर आमच्यापासून फार लांब नाही. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांचा फड तिथला. नारायणगावच्या विठाबाईंचं नाव घेतलं तरी आमच्या आण्णांचा हात कानाकडे जायचा. मोठ्या फडांचा साउंड त्यांचा त्यांच्याकडे असतो. लहान फड यात्रेत गावच्या साउंडवाल्यावर अवलंबून. १९८५ च्या सुमारास मी आण्णांच्या कर्ण्यांच्या जोडीला बेसच्या दोन पेट्या करून घेतल्या होत्या: गावच्या सुताराकडून, १८ मिलिमीटर प्लायच्या, आत पंधरा इंची स्पीकर. नकाशा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला. पेट्या जड, म्हणून स्टेजच्या मध्ये खाली ठेवल्या. कर्णे दोन्ही बाजूंच्या खांबांवर. लावणी सुरू झाली. एक कडवं झाल्यावर ढोलकीवाला वाकून म्हणाला, “भाऊ, माझा डावा हात तुम्ही कुठं टाकला?”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. उजव्या हाताची चाट खांबावरून येत होती, डाव्या बाजूचा घुमारा स्टेजखालून. ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे कुणाला खालचा आवाज आधी, कुणाला मागून. आणि जिथे दोघांचा मेळ बसायचा नाही तिथे घुमारा नुसता उशिरा येत नव्हता, तो नाहीसाच होत होता. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटरची, एक पेटी दुसरीपेक्षा १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फूट मागे राहिली की एकीचा दाब आणि दुसरीची ओढ एकाच वेळी कानावर येतात आणि एकमेकांना खातात. वायर उलटी जोडली तरी हेच होतं. म्हणून आमच्यात साधा दीड व्होल्टचा सेल खिशात असतो. प्लसला प्लस लावला की कोन पुढे यायला हवा. सगळ्या पेट्यांचे कोन एकाच वेळी पुढे येतात का ते बघायचं, मग मशीनला हात लावायचा. हजारो रुपयांच्या सामानात मला या सेलइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

पेट्या खांबाखाली सरकवल्या, ढोलकी जागेवर आली. पण आवाज तोडायचा कुठे हा प्रश्न राहिला. तेव्हा आवाज तोडायचं काम कॉइल आणि कंडेन्सर करत. कॉइल फक्त खालचा आवाज पुढे सोडते, कंडेन्सर फक्त वरचा. वरच्या आवाजाचा ट्विटर आणि मधल्या आवाजाचा मिड यांच्या मध्ये, ३००० हर्ट्झला, आठ ओहमच्या स्पीकरला अर्धा मिलिहेन्रीहून लहान कॉइल पुरते. १०० हर्ट्झला तोडायचं ठरवलं तर कॉइल तेरा मिलिहेन्रीच्या घरात जाते आणि कंडेन्सर दोनशे मायक्रोफॅरडचा लागतो. आमच्या भागात विहिरीच्या मोटारी रिवाइंड करणारे पुष्कळ. त्यांच्याकडून मी अशी कॉइल भरून घेतली. तांबं किलोच्या हिशेबाने गेलं. जास्त आवाज दिला की तीच कॉइल तापायची आणि ॲम्प्लिफायरची बरीच ताकद तिच्यातच जिरायची. म्हणून खेड्यापाड्यातल्या साउंडवाल्यांनी बरीच वर्षं तोडायची जागा, म्हणजे सांधा, वर, चारशे-पाचशेवर ठेवला. तिथे कॉइल लहान बसते. पण त्या जागी माणसाचा आवाज असतो, गायिकेचा गळा अर्धा पेटीतून आणि अर्धा कर्ण्यातून येतो, आणि गळ्याचा सांधा कान लगेच पकडतो.

सुटका झाली ती ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरने. आवाज ॲम्प्लिफायरच्या आधीच तोडायचा, जिथे तो अजून दुबळा आहे. मग बेसला वेगळा ॲम्प्लिफायर, वरच्या आवाजाला म्हणजे टॉपला वेगळा. त्याचं गणित १९७६ ला लिंकविट्झ आणि रायली या हेवलेट-पॅकार्डमधल्या दोन इंजिनिअरांनी बसवलं. तोडल्या जागी दोन्ही बाजू निम्म्यावर येतात, दोघांची चाल एकच राहते, बेरीज केली की सपाट. आज जवळपास प्रत्येक मशीनमध्ये त्या दोघांचं नाव मेनूत दिसतं. आमच्याकडची पोरं ‘एलआर चोवीस’ म्हणतात, म्हणजे दर सप्तकाला चोवीस डेसिबलने उतरणारा. अशा क्रॉसओव्हरचा एक युनिट रॅकचा डबा माझ्याकडे नव्वदच्या दशकाच्या शेवटी आला. त्यानंतर कॉइल भरायला मी कुणाकडे गेलो नाही.

आणि याच डब्याने पुढचं सगळं घडवलं. बेसला वेगळा ॲम्प्लिफायर मिळाला म्हटल्यावर बेस हवा तेवढा वाढवता येऊ लागला. पंधरा इंचीचे अठरा इंची झाले, एका पेटीत दोन बसले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर त्यांची भिंत उभी राहिली, मागे जनरेटर. पश्चिम महाराष्ट्रात या भिंतीला डॉल्बी म्हणतात; रे डॉल्बी यांनी १९६५ ला लंडनमध्ये कंपनी काढली होती ती टेपवरची खरखर घालवण्यासाठी. २०१६ ला ‘सैराट’ आला आणि अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद बसवून रेकॉर्ड केलेली त्याची गाणी या भिंतींवर वाजली. व्हायोलिनं कुठे गेली विचारू नका. चाळीस ते शंभर हर्ट्झ एवढाच पट्टा ढकलला की बाकी काहीही वाजवलं तरी चालतं. मी हा धंदा केला, नाही असं नाही. पण भिंत लावणाऱ्याला सांधा नको असतो, त्याला फक्त एक बाजू हवी असते. आणि ते माझ्या मते साउंडचं काम नव्हे.

कायदा या भिंतींच्या मागे लागला त्यातही एक गंमत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. मोजायचं मात्र ‘ए’ पट्टीवर. ही पट्टी हळू आवाज माणसाला कसा ऐकू येतो यावरून बेतलेली आहे. त्याचा अभ्यास फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ ला केला. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ही पट्टी ५० हर्ट्झवर तीस डेसिबल वजा करून आकडा देते. पण भिंतीसमोर आवाज हळू नसतो. तिथे कान खर्ज पुरेपूर ऐकतो, छाती आणि पत्रेही ऐकतात. मीटरवर दिसतं त्यापेक्षा दाब कितीतरी जास्त असतो. ‘सी’ पट्टी नावाची दुसरी पट्टी आहे, ती खालच्या आवाजाला फारशी सूट देत नाही. साउंडवाल्याने हे सांगावं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, पण मिरवणूक मोजायची तर ती लावावी.

बेस सगळीकडे लागतोच असंही नाही. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप आमच्या गावातून सुरू झाला, तेव्हा सभांना साउंड लावताना मी बेसच्या पेट्या गोदामातच ठेवल्या आणि माइकवर १२० च्या खालचं सगळं कापून टाकलं. वाऱ्याची घरघर, स्टेजवरच्या पायांचा धपधपाट, हात लागल्याचा आवाज, सगळं त्याच्या खालीच असतं. आण्णांच्या वेळी कर्णा जे आपोआप करायचा ते आता बटण दाबून करायचं.

अलीकडे मला बोलावणं येतं ते घरांतून. ऊस, डाळिंब किंवा शिर्डीतलं हॉटेल, कशावर तरी बंगला होतो आणि हॉलमध्ये होम थिएटर येतं. सबवूफरची, म्हणजे बेसची, काळी पेटी टीव्हीखाली कोपऱ्यात, तिचा नॉब शेवटपर्यंत फिरवलेला, आणि मालक म्हणतो, “काका, घुमतंय फार, पण डायलॉग कळत नाही.” बहुतेक घरी चूक एकच. लोकांना वाटतं सबवूफर फक्त ‘.१’ वाजवतो, स्फोट आणि गडगडाट. खरं काम दुसरंच आहे. समोरचे आणि मागचे पाचही स्पीकर लहान. त्यांना खर्ज झेपत नाही. मशीनला सांगावं लागतं की हे ‘स्मॉल’ आहेत. मग ते प्रत्येकाचा ८० च्या खालचा आवाज काढून घेतं, एकत्र करतं, ‘.१’ त्यात मिसळतं आणि सबवूफरला देतं. लोक मोठेपणाने ‘लार्ज’ लावतात. लहान स्पीकर खर्जाशी झुंजत बसतात, फाटतात, आणि उणीव भरायला नॉब वर जातो.

८० चा आकडा होल्मन यांच्याच टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाच्या मानकातून रूढ झाला. त्याच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सांगता येत नाही. लाट चार मीटरच्या वर, दोन कानांतलं अंतर वीतभर. म्हणून पेटी कुठेही ठेवली तरी खर्ज पडद्यावरच्या माणसाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. पाच इंची स्पीकर असतील तर १०० ला तोडावं, साउंडबारसारखे इवलेसे असतील तर १२० किंवा त्याहून वर. पण तेवढं वर गेलं की पुरुषाच्या आवाजाचा तळ कोपऱ्यातून यायला लागतो.

आणि खोली. जुन्या पत्र्याच्या घरात बेस टिकत नाही, पत्रा हलतो आणि आवाज बाहेर निघून जातो. स्लॅब आणि विटांच्या खोलीत तो कोंडला जातो. दहा बाय बाराच्या खोलीत बारा फुटांच्या बाजूने ४७ हर्ट्झ आणि दहाच्या बाजूने ५६ हर्ट्झ फुगतात. भिंतीला टेकून बसणाऱ्याला गडगडाट, मधोमध खुर्ची टाकणाऱ्याला तोच आवाज जवळपास शून्य. बापलेकांत बेस कमी की जास्त यावरून भांडण लागतं आणि दोघंही खरं बोलत असतात. उपाय थोडा लाजिरवाणा आहे: पेटी उचलून दिवाणावर, बसायच्या जागी ठेवायची, एकसारखा बेस असलेलं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत कान लावत जायचं. जिथे आवाज स्वच्छ, सारखा लागेल ती पेटीची जागा. घरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात, लहान मुलं मागून रांगतात. मग सेल काढून वायरी तपासायच्या, सांधा स्पीकरच्या मापाप्रमाणे लावायचा, नॉब अर्ध्याच्या खाली आणायचा, आणि सबवूफर चालू आहे की बंद हे मालकाला विचारायचं. सांगता आलं नाही तर काम झालं. त्या वेळी नेमकं पैसे मागायला अवघड जातं, कारण मालकाला वाटतं मी त्याची पेटी बंद करून ठेवली. म्हणून मी शेवटी एकदा ती खरोखर बंद करून दाखवतो.